भिंतीच्या आतला खर्च

आमच्या स्वयंपाकघरातल्या नळाची धार गेली काही वर्षे बारीक होत चालली होती आणि आम्ही त्याचा दोष नळाच्या तोटीला देत आलो होतो. घराच्या या खोलीचे नूतनीकरण करायचे ठरले, तेव्हा प्लंबरने ओट्यामागची एक टाइल काढून आतल्या लोखंडी नळीचा वीतभर तुकडा कापला आणि माझ्या हातात दिला. बाहेरून ती नळी ठणठणीत दिसत होती. आत मात्र गंजाचे थरावर थर चढून मूळच्या १५ मिलिमीटरच्या वाटेत जेमतेम पेन्सिल शिरेल एवढीच जागा उरली होती. "ताई, एवढाच तुकडा बदलून उपयोग नाही, पुढची सगळी लाइन अशीच असणार," असे तो म्हणाला. माझ्या वहीतल्या अंदाजपत्रकात तोपर्यंत नळ होता, सिंक होते, कपाटांच्या मुठीसुद्धा होत्या. नळी मात्र नव्हती.

घर पन्नास वर्षांचे असेल, तर स्वयंपाकघराचे अंदाजपत्रक कपाटांपासून सुरू करणे ही सरळ चूक आहे, असे माझे मत त्या तुकड्याने बनवले. नव्या घरात भिंतीच्या आत काय आहे हे साधारण ठाऊक असते, त्यामुळे तिथे दिसणाऱ्या वस्तूंची बेरीज केली की खर्चाच्या बऱ्याच जवळ जाता येते. जुन्या घरात ही बेरीज म्हणजे अर्धाच हिशेब असतो आणि उरलेला अर्धा भिंत फोडल्यावरच कळतो. म्हणून आम्ही कोणाकडूनही दरपत्रक मागवण्याआधी तीन ठिकाणी मुद्दाम फोडून पाहिले: सिंकच्या मागे, विजेच्या मुख्य जोडणीजवळ आणि बाहेरच्या भिंतीच्या तळाशी, जिथे रंगाचे पोपडे सुटत होते. गवंड्याचे अर्ध्या दिवसाचे हे काम होते. पुढच्या दोन महिन्यांत एवढ्या थोड्या पैशांत एवढी माहिती दुसऱ्या कशानेही मिळाली नाही.

वीजजोडणीने नळीइतकेच दचकवले. जुन्या तारांवरचे रबरी आवरण हात लावताच चुऱ्यासारखे गळत होते आणि अर्थिंगची तार अर्ध्या सॉकेटपर्यंत पोचलीच नव्हती. हे घर बांधले तेव्हा स्वयंपाकघरात एक दिवा आणि फार तर एक मिक्सर चालेल, असे धरलेले असावे. आज पाणी तापवण्याची एक किटली दोन हजार वॉटची असते, म्हणजे २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर ती एकटीच जवळजवळ ९ अँपिअर घेते. तिच्या जोडीला त्याच तारेवर मायक्रोवेव्ह चालू केला की १६ अँपिअरच्या जोडणीची मर्यादा जवळ येते. त्यामुळे कोणती उपकरणे एकाच वेळी चालतात, याची आधी यादी केली, ओव्हन आणि इंडक्शन शेगडीला वितरणपेटीपासून स्वतंत्र जाड तार दिली, सॉकेट मला वाटत होते त्याच्या दीडपट ठेवले आणि ३० मिलिअँपिअर गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच बसवला. हा खर्च पाहुण्यांना कधीच दिसणार नाही. तो कमी करावा असे मला एकदाही वाटले नाही.

नळ आणि सांडपाण्याच्या बाबतीत मात्र मोह आवरावा लागला. सिंक खिडकीखाली असावे, भांडी घासताना बाहेर पाहता यावे, अशी माझी फार दिवसांची इच्छा होती आणि कागदावर ते सिंक सहज सरकतही होते. सांडपाणी मात्र उतारानेच वाहते. सिंकखालच्या लहान व्यासाच्या नळीला साधारण चाळीसास एक उतार हवा, असा संकेत आहे. म्हणजे सिंक जुन्या जागेपासून तीन मीटर दूर गेले, तर नळीचे शेवटचे टोक सुरुवातीपेक्षा साडेसात सेंटिमीटर खाली जायला हवे. ते कुठून आणायचे? जमिनीचा थर तेवढा उचलावा, तर शेजारच्या खोलीशी पायरी तयार होते. स्लॅबला खाच मारावी, तर ती मारू नये हे कोणीही जाणता माणूस सांगेल. शेवटी सिंक खिडकीच्या दिशेने पाऊण मीटरच सरकले. खिडकी आता समोर नसून डावीकडे आहे, मान थोडी वळवली की बाहेरचे दिसते आणि या तडजोडीमुळे वाचलेले पैसे तळाच्या वॉटरप्रूफिंगला पुरले.

भिंती पाडण्याबद्दलही असेच. स्वयंपाकघर आणि जेवणाची खोली एक करावी, असा सल्ला प्रत्येक जण देतो. जुन्या बांधकामात नऊ इंची भिंत वरचा भार पेलत असण्याची शक्यता मोठी असते आणि भिंतीवर टकटक करून त्याचा निकाल लागत नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअरला एकदा बोलावून त्याचे लेखी मत घेतले आणि विषय तिथेच मिटला: भिंत राहिली. नळ्या आणि तारांसाठी तिच्यात खाचा पाडतानाही त्यांनी मर्यादा घालून दिली. उभी खाच भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशाहून खोल नको आणि आडवी एक षष्ठांशाहून नको. आडवी खाच भिंतीला जास्त कमकुवत करते, हे मला तोवर माहीत नव्हते. तोडफोडीपूर्वीची आणखी एक खबरदारी अशी की, जुन्या घरातले सिमेंटचे पत्रे, नळ्या आणि जमिनीवरच्या काही जुन्या लाद्यांमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते आणि जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसे असू शकते. शंका असेल तर नमुना तपासून घ्यावा आणि तोपर्यंत ते कोरडे घासू किंवा फोडू नये, कारण अपाय त्याच्या धुळीतून होतो.

एवढे कळल्यावर मी हिशेबाचे नवे पान उघडले. सोयीसाठी एकूण रक्कम शंभर भाग धरली. पहिल्या अंदाजपत्रकात कपाटांना ४५, ओटा आणि टाइल्सना २०, नव्या उपकरणांना १५, गवंडीकाम, नळ आणि वीज मिळून १० आणि अडीअडचणीसाठी १० अशी वाटणी होती. दुसऱ्या अंदाजपत्रकात गवंडीकाम, नळ, वीज आणि वॉटरप्रूफिंग मिळून ३० झाले, कपाटे २७ वर आली, ओटा, सिंक आणि टाइल्स १७, राडारोडा हलवणे आणि दोन महिने तात्पुरते स्वयंपाकघर चालवणे यांना ६ आणि अडीअडचणीसाठी पूर्ण २०. उपकरणे यादीतून गेली. जुनी चालत होती, ती चालू ठेवली. बेरीज बदलली नाही, याचा मला थोडा अभिमान आहे. अडीअडचणीच्या रकमेविषयी एकच सांगते: ती सुरुवातीला बाजूला काढावी लागते, कामाच्या ओघात ती उरत नाही. १० टक्के नव्या घरासाठी ठीक आहेत; जुन्या घरात १५ ते २० टक्क्यांशिवाय काम सुरू करू नये.

दरपत्रके तीन मागवली आणि पहिल्या वाचनात सर्वांत स्वस्त वाटलेले शेवटी सर्वांत महाग निघाले, कारण त्यात जुना ओटा फोडणे, मलबा नेणे, बिजागऱ्या आणि ड्रॉवरचे चॅनेल, सिंकसाठी दगड कापणे आणि कडांचे पॉलिश यांतले काहीच धरलेले नव्हते. कपाटांचा दर एकाने धावत्या फुटावर दिला होता, दुसऱ्याने दर्शनी क्षेत्रफळावर, म्हणजे दोन्ही आकडे शेजारी ठेवूनही तुलना होत नव्हती. मग मीच कामांची एक यादी तयार केली, प्रत्येक कामापुढे माप आणि साहित्याचा दर्जा लिहिला आणि तिघांनाही तीच यादी भरून द्यायला सांगितले. एकाने नकार दिला, त्यामुळे निवड सोपी झाली.

आराखड्याच्या बाबतीत मी फार पुस्तकी झाले नाही. सिंक, शेगडी आणि फ्रिज यांच्यातल्या तीन अंतरांची बेरीज ४ ते ८ मीटर असावी, हा संकेत उपयोगी आहे. समोरासमोर ओटे असतील तर मध्ये निदान एक मीटर जागा हवी, हाही. मार्गारेटे शुटे-लिहोट्स्की या वास्तुरचनाकार बाईंनी १९२६ मध्ये फ्रँकफर्टच्या वसाहतींसाठी जे स्वयंपाकघर आखले, ते जेमतेम १.९ मीटर बाय ३.४ मीटरचे होते आणि पावले व हालचाली मोजून त्यांनी त्यातली प्रत्येक वस्तू बसवली होती. आमची खोली त्याहून फार मोठी नाही. म्हणून आठवडाभर आई आणि मी कशासाठी किती वेळा कुठे जातो, हे वहीत टिपले; रोजची भांडी ठेवायची जागा सिंकपासून चार पावले लांब आहे आणि दिवसातून वीसेक खेपा तिथेच होतात, हे त्या वहीनेच दाखवले.

ओट्याच्या उंचीवरून मात्र घरात खरी चर्चा झाली. प्रचलित उंची ८५ ते ९० सेंटिमीटर असते आणि हात कोपरात वाकवल्यावर कोपर जिथे येते, त्याच्या १० ते १५ सेंटिमीटर खाली ओटा असावा, असा ठोकताळा आहे. आई माझ्यापेक्षा अर्ध्या फुटाने ठेंगणी आहे. तिला भिंतीला टेकून उभे केले, कोपराशी पेन्सिलीची खूण केली, मग माझी केली आणि दोन खुणांमधले ते दहा सेंटिमीटरचे अंतर आम्ही दोघी पाहत राहिलो. "तुझ्या मापाने कर, मी काय आणखी किती वर्षं उभी राहणार," असे ती म्हणाली आणि मला ते मुळीच मान्य नव्हते. शेवटी शेगडीचा भाग ८२ सेंटिमीटरवर आणि सिंकचा भाग ८९ सेंटिमीटरवर घेतला. ओटा दोन पातळ्यांत केल्याने दगडाचा खर्च थोडा वाढला; पण उंच भांड्यात ढवळताना खांदे उचलावे लागत नाहीत आणि सिंकशी वाकावे लागत नाही, म्हणून तो दोघींच्याही कामी येतो. दगड ग्रॅनाइटचा घेतला. संगमरवर सुंदर दिसतो, पण आंबट काही सांडले की त्यावर डाग कोरला जातो आणि कृत्रिम क्वार्ट्झमधली राळ थेट शेगडीवरून उतरवलेल्या भांड्याने खराब होते. दगडाच्या पुढच्या कडेखाली एक बारीक खाच मारून घ्यायला मात्र विसरू नये. ओघळणारे पाणी त्या खाचेपाशी तुटून खाली पडते, कपाटाच्या दारांपर्यंत जात नाही.

आता माझ्या चुकीबद्दल. काम लवकर उरकावे म्हणून गिलावा होण्याआधीच मी सुताराला मापे घ्यायला लावली. तो नको म्हणत होता. जुनी भिंत वरपासून खालपर्यंत ओळंब्यात दोन सेंटिमीटर झुकलेली होती; ती सरळ करताना गिलाव्याने जागा खाल्ली, त्यावर टाइल आणि तिच्या चिकट मसाल्याची जाडी आली आणि समोरच्या भिंतीचेही तसेच झाले. फ्रिजसाठी ठेवलेली ७० सेंटिमीटरची जागा ६६ झाली आणि फ्रिजच्या दोन्ही बाजूंना हवा खेळायला जी फट लागते, ती नाहीशी झाली. तयार झालेले एक कपाट कापून पुन्हा जोडावे लागले आणि राखीव विसांपैकी दोन भाग तिथे गेले. जुन्या घरात माप टाइल लागल्यानंतर, खाली, मध्ये आणि वर अशा तीन उंचींवर घ्यावे, त्यातले सर्वांत कमी धरावे आणि कोपरे गुण्याने तपासावेत. गुण्या नसेल तर एका भिंतीवर ३ फूट, दुसरीवर ४ फूट मोजून खुणा कराव्यात. तिरके अंतर ५ फूट भरले तर कोपरा काटकोनात आहे. आमचा एकही कोपरा तसा भरला नाही.

कपाटांना २७ भागच उरल्यामुळे निवड करावी लागली. सिंकखालच्या कपाटाला पाण्यात टिकणारा उत्तम प्लाय वापरला, बाकीच्यांना साधा. ओट्याखाली दारांऐवजी ड्रॉवर घेतले. चॅनेलमुळे ते महाग पडतात, पण गुडघ्यांवर बसून मागची वस्तू शोधणे संपते. कोपऱ्यातली फिरती चकती आणि छतापर्यंतचे उंच कपाट सोडून दिले. वरच्या फळ्यांना दारेच नाहीत. ती पुढच्या वर्षी होतील.

भिंती बुजवण्यापूर्वी दोन कामे केली. नळांच्या लाइनला दाब देऊन ती रात्रभर तशीच ठेवली आणि सकाळी मापकाचा काटा जागचा हललेला नाही, हे पाहिले. मग प्रत्येक उघड्या भिंतीशेजारी टेप धरून छायाचित्रे काढली, म्हणजे पुढे खिळा ठोकताना नळी नेमकी कुठे आहे, हे सेंटिमीटरमध्ये सांगता येईल. टाइल्स गरजेपेक्षा दहा टक्के जास्त आणि एकाच खेपेतल्या घेतल्या, कारण नंतरच्या खेपेची छटा जुळेलच असे नसते. पैसे टप्प्याटप्प्याने दिले आणि शेवटचे पाच टक्के महिनाभराच्या वापरानंतर द्यायचे, हे सुरुवातीलाच लिहून घेतले होते. बाराव्या दिवशी सिंकखालच्या कपाटात हात घातला, तर तळाला ओल लागली. सांध्यातला एक वॉशर नीट बसला नव्हता. प्लंबरला कळवले, तो दुसऱ्याच दिवशी आला, वॉशर बदलला, खाली कोरडा कागद अंथरून अर्धा तास नळ वाहता ठेवला. कागद कोरडाच राहिला. उरलेली रक्कम मी महिना संपल्यावर दिली.