माडीवरची जमीन

२४ ऑगस्ट, वेंगुर्ले

सकाळपासून पाऊस धरून आहे. गणपती तीन आठवड्यांवर आले. मुंबईची मंडळी माडीवरच झोपणार, म्हणून आज वरच्या खोलीची लॅमिनेटची जमीन हातात घेतली.

तीन वर्षं दर सणाआधी मी तिला पॉलिश लावत आले. पहिल्यांदा आरशासारखी दिसली. पुढे पावसाळा आला की चिकचिक, अनवाणी पावलांचे ठसे, खिडकीपाशी पांढुरके डाग. मला तो मळ वाटला, मी आणखी पॉलिश चढवलं. पण लॅमिनेटचा वरचा मेलामाइनचा थर काहीच शोषत नाही. दरवेळचं पॉलिश आधीच्यावर साचत गेलं, मधली धूळसुद्धा आतच अडकली.

आधी कोमट पाण्यात थोडं व्हिनेगर घालून पुसलं. ओशटपणा गेला, थर जागचा हलला नाही. मग मेडिकलमधून सर्जिकल स्पिरिट आणलं. कपाटामागे कोपऱ्यात लावून पाहिलं, रंगाला काही झालं नाही. स्पिरिट पेट घेतं, म्हणून देवापुढची समई शांत होईपर्यंत थांबले आणि खिडक्या सताड उघडल्या. जमिनीचा दोन फुटांचा तुकडा घ्यायचा, स्पिरिटचं फडकं दाबून ठेवायचं, थर मऊ झाला की जुन्या प्लास्टिकच्या कार्डाची कड आडवी धरून हलकेच ओढायची. दुधाळ पापुद्रा सुटून आला तेव्हा इतकं बरं वाटलं! लगेच घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसून कोरडं करायचं. लॅमिनेटच्या आत दाबलेला लाकडाचा भुगा असतो. सांध्यातून पाणी गेलं की तो फुगतो, आणि फुगलेली कड पुन्हा बसत नाही. म्हणूनच बादली ओतायची नाही, वाफेचा मॉप नको, तारेची घासणी तर मुळीच नको.

आई जिना चढून बघायला आल्या. लग्नानंतर कितीतरी वर्षं त्यांनी खालचं खळं शेणाने सारवलेलं. पापुद्रा बोटांनी चुरून म्हणाल्या, "सारवान मातयेत मुरता गो. ह्यां वरच्यावर रवता." तीन वर्षं मला न उमजलेलं त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं.

संध्याकाळपर्यंत अर्धी खोली झाली. खांदे भरून आलेत. पण झालेल्या भागावर पाय ठेवला की गार, कोरडं लागतं, आणि लाकडाच्या नक्षीतल्या बारीक रेघा पुन्हा दिसायला लागल्यात. उरलेली उद्या. स्पिरिटची आणखी एक बाटली आणायला सांगितली आहे.