कॉटन ग्रीनचं ठेसन

रविवार, रात्री साडेनऊ

मुंबईहून येऊन आज दुसरा दिवस. धाकटीच्या फ्रॉकच्या खिशातून अजून चौपाटीची वाळू निघते आहे. कपडे धुताना मी ती बादलीत जाऊ दिली नाही, एका डबीत काढून ठेवली. ती उठली की विचारणार, मला माहीत आहे.

अंगणात बाजा टाकल्या आहेत. भिंती अजून तापलेल्या आहेत. सगळे झोपलेत, म्हणून लिहायला बसले. बुधवारपासून मनात एक गोष्ट घोळते आहे, ती लिहून ठेवल्याशिवाय झोप यायची नाही.

उलंगवाडी झाली, म्हणजे कापसाची शेवटची वेचणी आटोपली, की मृगापर्यंत जरा उसंत मिळते. त्यात मुलांना सुट्या. नणंद डोंबिवलीला असते, ती दोन वर्षांपासून बोलावत होती. निघालो ते अकरा जण: मामाजी (माझे सासरे), आत्याबाई (सासूबाई), काकीसासूबाई, भासरे (मोठे दीर), जाऊबाई, त्यांच्या दोघी मुली, हे, मी आणि आमची दोन. धामणगावहून विदर्भ एक्स्प्रेस. तिखट पुऱ्या, आलूची भाजी, शेंगदाण्याची चटणी आणि दोन कळश्या पाणी. बडनेऱ्याच्या पुढे धाकटी झोपली ती कल्याणला उतरवली तेव्हाच जागी झाली.

काय काय पाहायचं याची यादी मी केली होती. वहीत, वारांसकट. निघायच्या आधी मामाजी म्हणाले होते, "सूनबाई, तिथी कॉटन ग्रीन नावाचं ठेसन हाय म्हणतेत. मले ते पाह्याचं हाय." मी म्हटलं, "मामाजी, तिथं पाहण्यासारखं काही नाही, नुसतं स्टेशन आहे." डोंबिवलीला पोचल्यावर त्यांनी पुन्हा एकदा विषय काढला. मी पुन्हा तेच म्हटलं. तिसऱ्यांदा ते काही बोलले नाहीत.

पहिला दिवस ठीक गेला. गर्दी टाळायची म्हणून अकरानंतरची लोकल धरली. प्रत्येक लेकराला एक मोठं माणूस ठरवून दिलं होतं आणि चौघांच्याही दंडावर पेनानं फोन नंबर लिहिला होता. हे मला गावच्या यात्रेतून सुचलं. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरून रस्ता ओलांडला आणि मागं वळून पाहिलं. ही इमारत बांधायला १८७८ ला घेतली आणि पुढे दहा वर्षं लागली, हे मी वाचून गेले होते. पोरांना त्याचं काही नव्हतं. फाटकाच्या एका खांबावर दगडाचा सिंह आणि दुसऱ्यावर वाघ आहे, ते त्यांनी शोधलं. "टिपेश्वरचा वाघ!" म्हणून मोठा ओरडला. पांढरकवड्याला मामाकडं जाताना टिपेश्वर अभयारण्याच्या पाट्या लागतात, म्हणून वाघ म्हटला की तिथलाच.

गेटवेला जावेच्या मोठीनं शाळेतलं सांगितलं, १९११ ला राजा आला म्हणून ही कमान बांधली आणि १९४८ ला इंग्रजांचे शेवटचे सैनिक इथूनच परत गेले. आत्याबाईंनी हात जोडले. धाकटी कबुतरांच्या मागं धावत होती. संध्याकाळी गिरगाव चौपाटी. ओहोटी होती. मोठा बराच वेळ उभा राहून पाहत होता, मग आजोबांना विचारतो, "आबाजी, याले पलीकडचा काठ नाही का?" त्यानं आजवर वर्धा नदीच पाहिलेली. मामाजी म्हणाले, "हाय, पण आपल्याले दिसत नाही." काकीसासूबाईंनी पाण्यात पाय घातले आणि अर्धा तास बाहेर यायला तयार नव्हत्या. त्यांचं वय ७०, समुद्र पहिल्यांदा पाहिला.

दुसरा दिवस बुधवार. राणीच्या बागेत पेंग्विन दाखवायचे होते. यादीत मी वार लिहिले, पण राणीची बाग बुधवारी बंद असते हे पाहिलं नाही. भायखळ्याला उतरून, उन्हातून चालत, अकरा माणसं बंद फाटकासमोर. धाकटी रस्त्यावरच बसली. "पेंग्विन कुठी हाय?" म्हणून जे रडायला लागली ते थांबेना. जाऊबाई मला काही बोलल्या नाहीत, पण पदरानं तोंड पुसत दुसरीकडं पाहत होत्या. मला घशाशी आलं होतं.

तेव्हा हे म्हणाले, "बाबांचं ते कॉटन ग्रीन इथून जवळ आहे."

भायखळ्याहून उलटं सँडहर्स्ट रोडला आलो. तिथं हार्बर लाइनचे फलाट वर आहेत, खालून एक गाडी आणि डोक्यावरून दुसरी. पोरं एकदम गप्प झाली. डोक्यावरून गाडी जाते हे पाहायला धाकटीनं रडणं थांबवलं. मग डॉकयार्ड रोड, रे रोड आणि कॉटन ग्रीन.

फलाटावरच्या बाकावर मामाजी बसले, पाटीच्या बरोबर समोर. चारही पोरं त्यांच्याभोवती. लग्नाला बारा वर्षं झाली माझ्या, पण मी कधी न ऐकलेलं ते त्या दिवशी सांगू लागले. ते सातआठ वर्षांचे असताना त्यांचे वडील कापसाची बंडी, म्हणजे बैलगाडी, भरून धामणगावला नेत. रात्री निघायचं. मामाजी वर कापसावर झोपत. जिनिंगमध्ये सरकी वेगळी, रुई वेगळी. रुईच्या गाठी बांधून मालधक्क्यावर लागत. "म्या माह्या बापाले इचारलं, बाबा, हे गाठोडे कुठी जाते? तो म्हणे, मुंबईले. म्या म्हटलं, तुम्ही पाह्यली का मुंबई? तो म्हणे, नाही बा. कापूस जाते, आपण काहाले जातो."

त्यांचे वडील मुंबई न पाहताच गेले.

१८६७ ला रेल्वे नागपूरपर्यंत पोचली आणि वऱ्हाडचा कापूस सरळ बंदरापर्यंत जायला लागला. त्याच्या आधीची काही वर्षं अमेरिकेत यादवी युद्ध होतं, तिकडचा कापूस अडला, तेव्हा इंग्रजांच्या गिरण्यांना इथला कापूस हवा होता. हे मला पुस्तकातून माहीत होतं. पण त्या गाठींसाठी कोणाचा बाप रात्री बंडी हाकत आला, हे मला माझ्या घरातच माहीत नव्हतं.

मोठ्यानं विचारलं, "एक गाठ केवढी असते?" हे म्हणाले, "आता १७० किलोची. पाच क्विंटल कापसाची सरकी काढली की तेवढी रुई निघते." आमचा यंदा ४२ क्विंटल झाला. त्यानं बोटांवर हिशेब केला. "म्हणजे आठच गाठी?" मामाजी म्हणाले, "आठच. वर्षभराच्या."

बाहेर कापूस बाजाराची जुनी, मोठी इमारत आहे. रस्त्याच्या पलीकडं सावलीत उभं राहून मामाजींनी ती पाहिली. वखारी आहेत, ट्रक जातात, पण कापसाचं एक बोंडही कुठं नव्हतं. त्यांना वाईट वाटेल म्हणून मी त्यांच्याकडं पाहत होते. त्यांनी टोपी काढली, घाम पुसला आणि यांना म्हणाले, "फोटो काढ. पाटी आली पाह्यजे." मग आम्ही परत फलाटावर जाऊन पाटीखाली अकराही जणांचा फोटो काढला. काढून द्यायला कॉलेजातला एक मुलगा थांबला, त्याची एक गाडी सुटली.

परतताना गाडीत मी त्यांच्याशेजारी बसले. म्हटलं, "मामाजी, मी दोनदा नाही म्हटलं. चुकलं माझं." ते म्हणाले, "तुह्या वहीत जागा नव्हती." आणि धाकटीला मांडीवर घेतलं. रागानं म्हणाले नाहीत, म्हणून ते जास्त लागलं.

गुरुवारी पेंग्विन पाहिले. थंड काचेला धाकटीनं गाल लावून ठेवला आणि पाण्याखालून एक पेंग्विन अगदी तिच्या तोंडाशी आला तेव्हा ती श्वास घ्यायची विसरली होती. परत रांगेत लागलो. शुक्रवारी निघालो.

फोटो आज यांनी मोठा करून आणलाय. उद्या हे बियाण्याची चौकशी करायला धामणगावला जाणार आहेत. मामाजींनी संध्याकाळीच सांगून ठेवलंय की तेही येणार, आणि नातवालाही घ्यायचं. त्याला मालधक्का दाखवायचा आहे.