होडीला पक्का टप बसवला, तोही कोल्हापुरात

आमची होडी मालवणात असते, मेव्हण्याची अन् माझी अर्धी अर्धी. १९ फुटी, फायबरची, मागं आउटबोर्ड, म्हणजे बाहेरनं अडकवलेलं इंजिन. तिला स्टीलच्या कमानींवर कॅनव्हासचं झाकण होतं अन् बाजूला चेननं बंद करायचे पडदे. पडद्यातलं प्लास्टिक इतकं पिवळं पडलेलं की समोर होडी आहे का खडक तेच कळायचं नाही. चेन मिठानं जाम, दर वेळी मेणबत्ती घासायची मग ती सरकायची. शेवटी उन्हानं शिलाईच कुजली, शिवून आणली तर शेजारची उसवली, मग म्हटलं बास, आता पक्का टप, म्हणजे कडक छत, अन् काचाच करू.

पावसाळ्यात होडी तशीही वर काढून ठेवायची असते, म्हणून मे संपता संपता आयशर ट्रकमध्ये टाकून फोंडा घाटानं वर आणली अन् उद्यमनगरात ओळखीच्या मिस्त्रींच्या शेडमध्ये उभी केली. आता कोल्हापुरात रस्त्याकडेला होडी दिसल्यावर माणसं काय विचारणार, "काय हो, औंदा पुराची तयारी लवकर?" २०१९ अन् २०२१ चे पूर बघितलेल्या माणसांना हसावं का घाबरावं तेच कळत नव्हतं.

मिस्त्रींचा हात जीपच्या अन् ट्रॉलीच्या कामाला बसलेला. म्हणाले, "एक इंची चौकोनी पाइप मारू, वर सोळा गेजचा पत्रा, हत्ती उभा राहील बघा." मी म्हटलं मिस्त्री, हत्ती नकोच आहे, हलकं पाहिजे. त्यांना काही पटेना, मग चहाच्या कागदावर हिशोब मांडला. टप २ मीटर बाय १.८, म्हणजे ३.६ चौरस मीटर, नुसता पत्राच ४५ किलो अन् पाइप वेगळे. गाडीला ४५ किलोचं काय वाटत नाही, पण होडीत तेवढं वजन डोक्याच्या वर गेलं की लाटेनं कललेली होडी परत सरळ व्हायला आळस करते. हे ऐकल्यावर मात्र मिस्त्री स्वतःच म्हणाले, मग फायबरवाल्याला बोलवा.

टप फायबरचाच केला, मध्ये १२ एमएमचा फोम अन् दोन्ही बाजूनं काचतंतूच्या ४५० ग्रॅमी मॅटचे रेझिनमध्ये भिजवलेले दोन दोन थर. वजन भरलं २७ किलो. जिथं बोल्ट येणार तिथं फोम काढून प्लायचे तुकडे घातले, नाहीतर बोल्ट आवळला की फोम दबतो अन् तिथनं पाणी आत शिरतं. मधेच पाऊस लागला आणि रेझिन दोन दिवस चिकटच. हार्डनर, म्हणजे रेझिन घट्ट करणारं रसायन, वाढवून मोकळं व्हावं असं लई वाटलं, पण जास्त झालं तर रेझिन तापून तडकतं म्हणून गप बसलो. खांब ३१६ नंबरच्या स्टेनलेस स्टीलचे. ३०४ उद्यमनगरात कुठंही मिळतं पण खाऱ्या पाण्यात त्याला तांबूस डाग धरतात, ३१६ मागवायला आठवडा गेला.

खरा घोळ काचांचा. सुदैवानं आधी फ्रिजच्या खोक्याचे पुठ्ठे कापून सगळ्या खिडक्या लावून बघितल्या, मेव्हणा सुकाणूला उभा राहिला अन् वरची पट्टी बरोबर त्याच्या डोळ्यासमोर! मी पाच फूट चार, तो पावणेसहा, मापं माझ्या उंचीनं घेतलेली. पट्टी चार इंच वर घेतली, टपच उचलायला लागला म्हणा ना.

समोर टफन्ड काच घातली, बाजूला ५ एमएम ॲक्रिलिक, ते काचेच्या निम्म्या वजनाचं. ते आम्ही सरळ भोकं पाडून स्क्रूनं आवळलं. दुसऱ्या दिवशी दुपारी कडक ऊन पडलं, मी शेडमध्ये डबा खात बसलेलो आणि टक् असा आवाज, बघतोय तर भोकापासनं कोपऱ्यापर्यंत तडा! मीटरभर ॲक्रिलिक ३० डिग्रीनं तापलं तर दोनेक एमएम वाढतं, त्याला हलायला जागाच ठेवली नव्हती. चूक माझी, घाई मलाच होती. मग ट्रकची बॉडी बांधणाऱ्यांकडनं बसच्या काचेचं रबर आणलं, कोपरे गोल करून काचा त्यात बसवल्या, एकही स्क्रू नाही. मिस्त्री एवढंच म्हणाले, "हे मी पहिल्या दिवशीच सांगणार होतो." सांगायचं की मग!

मागची बाजू मुद्दाम उघडी ठेवली अन् समोरची एक काच उघडती केली. समोरनं हवा यायला वाट नसली की चालत्या होडीत मागचा इंजिनचा धूर उलटा आत ओढला जातो, आणि तो जीवघेणा असतो. वरच्या बांधणीत बदल म्हणून सर्व्हे करणाऱ्याला कामाच्या आधीच विचारून घेतलेलं, तो भाग लवकर उरकला.

जुलैत पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला पाणी ३९ फुटाकडं सरकायला लागलं, इशारा पातळीच ती, तशी शेडकडं लोकांची ये-जा वाढली, एक काका तर किती माणसं बसतात ते मोजूनच गेले. आम्ही त्याच पावसात होडीत बसून गळती बघत होतो. सगळं कोरडं, फक्त डाव्या खांबाच्या बोल्टमधनं थेंब थेंब, तो काढून सीलंट भरून परत बसवला.

सप्टेंबरात परत न्यायची वेळ आली तेव्हा लक्षात आलं की टपासकट होडी आयशरवर लई उंच होतेय. आठ बोल्ट काढले, टप आडवा ठेवला, काचा घोंगड्यात गुंडाळल्या. जुना कॅनव्हास मामानं आधीच नेलेला, तो आता त्यांच्या शेणीच्या हुडव्यावर, म्हणजे गोवऱ्यांच्या ढिगावर, आहे.