सव्विसावा अंक बसत नाही

मागच्या खेपेला एक पंचवीस अंकी आकडा भागाकार करून तपासताना पंधराव्या अंकावर थांबलो होतो. गेले दोन दिवस वेंगुर्ल्यात पावसानं लाईट घालवली, फोन मेलेला. मग पडवीत बसून उरलेलं काम हातानंच उरकलं.

नव्यानं येणाऱ्यांसाठी, आकडा हा: ३६०८५२८८५०३६८४००७८६०३६७२५. डावीकडून दोन अंक घ्या, २ ने भाग जातो. तीन घ्या, ३ ने. असं थेट पंचविसापर्यंत. दशमान पद्धतीत अशा संख्या शून्य सोडून २०,४५६ आहेत आणि त्यांतली ही सगळ्यांत मोठी.

सुरुवातीलाच माती खाल्ली. कॅलेंडरच्या पाठीवर उतरवताना ८४०० मधलं एक शून्य गाळलं, सोळावा अंक ७ आला. विषम संख्येला १६ ने भाग कसा जायचा? तरी दहा मिनिटं भागाकारच तपासत बसलो! आतेनं वाकून बघितलं, ‘हो खंयचो नंबर रे?’

नीट लिहिल्यावर ८४०० भागिले १६, ५२५. सुटलो. १७ ला सरळ भागाकार केला: सोळा अंकांनंतर बाकी १, पुढचा ७ खाली उतरवला की झाले सतरा. हे फारच आवडलं. शाळेत पाठ केलेलं एकं-दहं-शतं परार्धाशी, म्हणजे अठराव्या अंकाशी संपतं, आकडा मात्र पुढे चालूच. १९ ला बाकी ७, खाली ६, शहात्तर, चोख. २१ म्हणजे ३ गुणिले ७. त्यातल्या ७ साठी १००१ ची युक्ती, कारण १००१ ला ७ ने भाग जातो: उजवीकडून तीन-तीनचे गट करून आलटून पालटून अधिक-वजा. १७२२ आले, म्हणजे ७ गुणिले २४६. अंकांची बेरीज ९०, म्हणून ३ नेही जातो.

खरी मजा संख्या कशा आटतात त्यात आहे. दहाव्या पायरीपर्यंत कुठला तरी अंक बसतोच. नऊ अंकी २,४९२ आणि दहा अंकीही २,४९२, कारण दहावा अंक शून्यच हवा, प्रत्येकीला एकच वाट. अकरापासून बाक्या अकरा आणि अंक दहाच, म्हणून गळती सुरू. अकरा अंकी २,२२५, वीस अंकी ४४, चोवीस अंकी ३, पंचवीस अंकी १.

पुढे एक शून्य जोडून २६ ने भागलं. बाकी १२. म्हणजे सव्विसाव्या जागी १४ हवेत, आणि एका घरात चौदा मावत नाहीत.

आता चोवीस अंकी उरलेल्या दोघी शोधायच्या. चोविसावा अंक समच लागतो. तो ० असता तर पुढे ० लावून शेवट ००, २ असता तर ५ लावून २५, आणि पंचविसावी पायरी जमली असती. म्हणजे त्यांचा शेवट ४, ६ किंवा ८. लाईट आली तरी कागदावरच करणार.