मिरचीची आग आणि अण्णांचा पाय

उन्हाळ्याच्या तोंडावर आमच्याकडे वर्षाचं तिखट होतं. मिरची निमाडची, बेडियाच्या मंडीतून इंदूरला येते ती, गच्चीवर दोन-चार दिवस कडक वाळवायची, देठं खुडायची आणि मग चक्कीवर न्यायची. देठं खुडायचं काम माझ्याकडे असतं. खुडताना काहीच होत नाही बरं का, अर्ध्या तासाने सुरू होतं. बोटांच्या कडा, नखांच्या खाली, मनगटाची आतली बाजू, असं भाजतं की तव्यावर हात ठेवलाय असं वाटावं, आणि बघायला गेलं तर कातडीवर काही नाही, फार तर जराशी लाली. मी नळाखाली हात धरून उभी, तर शेजारच्या भाभी म्हणाल्या, "अरे पानी से कुछ नहीं होगा, पहले तेल लगाओ." त्यांचं बरोबर होतं, मिरचीतलं कॅप्सेसिन पाण्यात विरघळतच नाही, तेलात-तुपात विरघळतं. तेल चोळायचं, मग साबणाने धुवायचं.

पण भाजलेलं नसताना भाजल्यासारखं का वाटतं हे मला नेहमी विचित्र वाटायचं. ते मी नीट वाचलं, कारण नंतर मे महिन्यात घरात याच्या बरोबर उलटं घडलं. ते पुढे सांगते.

आपल्या कातडीत ज्या बारीक मज्जातंतूंची टोकं असतात ना, त्यातल्या काहींचं काम फक्त इजेची खबर देणं. त्यांच्या टोकाशी प्रोटीनची छोटी छोटी दारं असतात आणि त्यातलं एक, टीआरपीव्ही१ नावाचं, साधारण ४३ अंश सेल्सियसला उघडतं. म्हणजे आंघोळीचं कोमट पाणी चालतं, त्याच्यावर गेलं की हे दार उघडतं, आत कॅल्शियम-सोडियम शिरतं आणि तंतूमधून सिग्नल निघतो. गंमत अशी की कॅप्सेसिन हेच दार उघडतं, उष्णता नसतानाही. मेंदूला आगीचीच खबर मिळते, त्याला फरक कळायला मार्गच नाही. हे दार डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ मध्ये शोधलं, आणि शोधलं ते मिरचीचाच आधार घेऊन. त्यासाठी त्यांना २०२१ चं नोबेल मिळालं, स्पर्शावर काम करणाऱ्या आर्डेम पॅटापूटियन यांच्याबरोबर. आणि पोपट हिरवी मिरची मजेत कशी खातो हे लहानपणापासून बघतोय आपण, तर पक्ष्यांमधलं हे दार कॅप्सेसिनला दादच देत नाही, त्यांना तिखट लागतच नाही. मला हे वाचून इतका आनंद झाला की घरात प्रत्येकाला धरून सांगितलं.

आता सिग्नल निघाल्यावर काय होतं ते. खबर नेणारे तंतू दोन तऱ्हेचे. ए-डेल्टा, ज्यांच्यावर पातळ वेष्टण असतं, ते सेकंदाला ५ ते ३० मीटर वेगाने खबर नेतात. आणि सी तंतू, उघडे, बारीक, सेकंदाला अर्धा ते दोन मीटर, म्हणजे आपण रमतगमत चालतो तेवढाच वेग. पायाच्या अंगठ्यापासून पाठीच्या कण्यापर्यंत अंतर मोठ्या माणसात साधारण मीटरभर. म्हणून अंगठा उंबऱ्यावर आपटला की आधी टोचल्यासारखी लख्ख कळ येते आणि मग सेकंदभराने ती दुसरी, ठसठसणारी, पोटात कालवणारी. कधी आपटलं तर लक्ष देऊन बघा, दोन्ही वेगळ्या कळतात.

आणि पाय मागे घेणं हे तर मेंदूला विचारून होतच नाही. पाठीच्या कण्यातच निर्णय होतो, मांडी-पोटरीच्या स्नायूंना हुकूम सुटतो आणि पाय वर, दुसरा पाय त्याच क्षणी ताठ होतो नाहीतर आपण धाडकन पडू. "आई गं" नंतर येतं. शेरिंग्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने हे सगळं शंभरहून जास्त वर्षांपूर्वी तपशिलात मांडलं, इजेची खबर लागणं वेगळं आणि दुखणं वेगळं हेही. दुखणं मेंदूत ठरतं. दुसऱ्या महायुद्धात बीचर नावाच्या अमेरिकन डॉक्टरने इटलीतल्या आघाडीवर पाहिलं की भयंकर जखमी झालेले बरेच सैनिक वेदनेवरचं औषध नको म्हणत होते, कारण त्यांच्यासाठी ती जखम म्हणजे जिवंत सुटका होती. आणि मुलाला लागल्यावर आपण चोळतो तेही काही वेडेपण नाही, स्पर्शाचे जाड, वेगवान तंतू कण्यातच वेदनेच्या खबरीला अडवतात, मेल्झॅक आणि वॉल यांनी १९६५ मध्ये हेच मांडलं. त्यांच्या मांडणीत पुढे दुरुस्त्या झाल्या पण गाभा टिकलाय.

तर अण्णा. अण्णा म्हणजे माझे सासरे, शुगर कित्येक वर्षांची, गोळ्या वेळेवर, चालणं रोज, तक्रार कधी नाही. मे महिन्यात दुपारी एका देवळात गेले, चपला बाहेर काढल्या आणि उन्हातल्या दगडी अंगणातून सावकाश, नमस्कार करत करत, एक पूर्ण प्रदक्षिणा घातली. बाकी लोक टणाटण उड्या मारत सावलीकडे पळत असणार, मेच्या दुपारी तो दगड सहज ५० अंशांच्या वर जातो. अण्णा घरी आले, जेवले, झोपले. संध्याकाळी मी फरशीवर बघितलं तर ओलसर ठसे, फक्त उजव्या पायाचे, बाथरूमकडून नाही तर पलंगाकडून येणारे. मी म्हटलं अण्णा पाय दाखवा बरं. ते म्हणाले, "अगं काही नाही, कुठे दुखतंय?" तळव्यावर अंगठ्याच्या मागे रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठा फोड, फुटलेला, कातडी लोंबतेय, आणि ते माझ्या चेहऱ्याकडे बघतायत की ही एवढी का घाबरली.

माझ्या हातांना काही झालं नव्हतं आणि मी तासभर तडफडले. त्यांचा पाय खरोखर भाजला आणि त्यांना पत्ता नाही.

डॉक्टरांनी नायलॉनचा एक जाडसर धागा घेतला, मोनोफिलामेंट म्हणतात, तो वाकतो तेव्हा बरोबर १० ग्रॅमचा दाब पडतो. अण्णांना डोळे मिटायला सांगितले. "बाबूजी, जब भी लगे, हाँ बोलिए." मी बघत होते, अंगठ्याखाली टेकवला, करंगळीखाली टेकवला, चवड्यावर मधोमध टेकवला, प्रत्येक वेळी धागा वाकत होता, आणि अण्णा डोळे मिटून शांतपणे म्हणाले, "लगाइए तो सही." ते वाक्य माझ्या डोक्यातून अजून जात नाही.

शुगर जास्त राहिली की तंतू आणि त्यांना रक्त पुरवणाऱ्या बारीक नळ्या दोन्ही खराब होत जातात. सगळ्यात लांब तंतू आधी, म्हणून सुरुवात पायाच्या बोटांपासून आणि मग मोजा चढवल्यासारखं वर वर. गुडघ्याच्या आसपास पोचेपर्यंत हाताची बोटंही लागतात. आधी काहींना मुंग्या येतात, रात्री तळवे जळतात, कारण खराब झालेले तंतू आपले आपणच खबरी पाठवत बसतात. मग एक दिवस जळणं थांबतं आणि घरात सगळे म्हणतात बरं वाटतंय आता. अण्णांचंही तसंच झालं होतं, तळव्यांना रात्री तेल लावायचं बंद केलं होतं त्यांनी, आम्हाला वाटलं आराम पडला.

कुष्ठरोगात बोटं झडतात असं आपण सगळे ऐकत आलो. डॉ. पॉल ब्रँड यांनी वेल्लोरला काम करताना दाखवून दिलं की बोटं रोगाने सडत नाहीत, जंतू मज्जातंतू मारतो, संवेदना जाते, आणि मग माणूस गरम भांडं तसंच धरून ठेवतो, जखमेवरच चालत राहतो, तसं रोज थोडं थोडं नुकसान होतं. आणि २००६ मध्ये शास्त्रज्ञांनी उत्तर पाकिस्तानातल्या काही कुटुंबांबद्दल लिहिलं, त्यांच्यात जन्मापासून वेदनाच नव्हती, तंतूतलं सोडियमचं एक दार जनुकातल्या दोषामुळे बंद. त्यातला एक मुलगा रस्त्यावर खेळ करायचा, हातात सुरे खुपसायचा, निखाऱ्यांवरून चालायचा. चौदावा वाढदिवस यायच्या आत तो छपरावरून उडी मारून गेला. पोरगं होतं हो ते.

अण्णांचा फोड भरायला पावसाळा उजाडला, कारण रक्तपुरवठा कमी आणि त्यात दुखत नाही म्हणून ते त्याच पायावर जोर देऊन चालणार, कितीही सांगा. आता आमच्याकडे काही गोष्टी पक्क्या आहेत. घरातही चप्पल. बाहेर निघताना चप्पल उलटी करून झटकायची, खडा असेल तर त्यांना कळणार नाही. आंघोळीचं पाणी दुसऱ्या कुणीतरी कोपराने बघायचं. गरम पाण्याची पिशवी पायाला अजिबात नाही. वर्षातून एकदा तरी त्या धाग्याची तपासणी, आणि डॉक्टर विसरले तर आपण आठवण करायची, त्याला काही पाच मिनिटंसुद्धा लागत नाहीत.

तुमच्या घरात शुगरवालं कोणी असेल तर आज संध्याकाळी त्यांचे मोजे काढायला लावा आणि उजेडात तळवे बघा, टाचा बघा, आणि बोटं फाकवून मधली जागा बघा, चिरा बऱ्याचदा तिथे पडतात आणि वरून दिसत नाहीत. "काही दुखत नाही" म्हणाले तरी बघा.