गाडी तीन लाखांची, पार्ट बावीस लाखांचे

२०२३ च्या एप्रिलमध्ये मी २०११ ची एक मोठी पेट्रोल सेडान घेतली. २.४ लिटरचं इंजिन, ऑटोमॅटिक, लेदरच्या सीटा, मागे पाय पसरून बसता येईल एवढी ऐसपैस जागा. किलोमीटर ९४,०००. नवी असताना बावीस लाखांच्या घरात होती, मला ३ लाख १० हजारांना पडली. तेवढ्या पैशांत पुण्यात एक धड जुनी हॅचबॅक यायची. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पुढे जे सांगतोय ती वयाची दुखणी आहेत, या वर्गातल्या कुठल्याही जुन्या गाडीत थोड्याफार फरकानं हीच निघतात.

घेताना मी पाहिलं काय? रंग, फाइल आणि एसी. एसी एकदम बर्फ. गॅस आदल्याच दिवशी भरला होता, हे नंतर कळलं.

पहिली तक्रार सिग्नलवर सुरू झाली. डीमध्ये, म्हणजे पुढे जायच्या गिअरमध्ये, ब्रेक दाबून उभं राहिलं की स्टिअरिंग हातात बारीक थरथरायचं. एनमध्ये, म्हणजे न्यूट्रलला, टाकलं की शांत. मी आपला प्लग बदलत बसलो, इंजिनात हवा सोडणारी थ्रॉटल बॉडी साफ करून घेतली. फरक शून्य. शेवटी मिस्त्री स्वतः आत बसले, मला उघड्या बॉनेटशेजारी उभं केलं आणि ब्रेक दाबून डी-आर-डी, म्हणजे पुढे-मागे-पुढे, असं दोन-तीनदा केलं. अख्खं इंजिन कूस बदलल्यासारखं हलत होतं.

“माउंटिंग बसलंय साहेब. तिन्ही.”

माउंटिंग म्हणजे इंजिन ज्यांवर टेकलेलं असतं ते रबरी आधार. ही आतून तेल भरलेली असतात. रबर फाटलं की तेल गळून जातं आणि धक्के थेट बॉडीला बसतात. ओरिजिनल तीन, मजुरी धरून ३१,०००. लोकल माल ९,००० त होत होता. “लावून देतो, पण आठ महिन्यांनी परत याच,” मिस्त्री म्हणाले. ओरिजिनल घेतली.

मग पुढचं सस्पेन्शन. स्पीडब्रेकर उतरताना खटखट. लोअर आर्म, लिंक रॉड, बुश, शेवटी अलाइनमेंट: ३८,०००. या लांब गाड्यांचं पोट आपल्या सोसायट्यांसमोरच्या हौशी स्पीडब्रेकरांना घासतंच, ते वेगळं. टायर आधीच कडक झाले होते, चार टायरचे ३४,०००.

स्टिअरिंग रॅक, म्हणजे स्टिअरिंग फिरवलं की चाकं वळवणारा भाग, लीक निघाली तेव्हा मात्र घाम फुटला. अधिकृत सर्व्हिस सेंटरनं नव्या रॅकचं कोटेशन दिलं ८६,०००. मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडला, जुन्या पार्टच्या बाजारात, जुनी रॅक मिळेल असं दोघांनी सुचवलं, पण तिथली गॅरंटी दुकानाच्या पायरीपर्यंत. शेवटी आहे तीच रॅक उतरवून सील बदलून घेतले, १६,००० त भागलं. दीड वर्ष झालं, अजून कोरडी आहे. गिअरबॉक्सचं तेल बदलायला ११,००० गेले. “लाइफटाइम ऑइल आहे, हात लावू नका,” असं सांगणारे भेटतील. काढलेलं तेल मी बाटलीत पाहिलं, कोऱ्या चहासारखं काळं होतं.

आणि एसी. तीनदा गॅस भरला, ७,२०० रुपये अक्षरशः हवेत गेले. चौथ्यांदा मिस्त्रींनी गॅस भरायला नकार दिला. लीक बाहेर दिसत नाही म्हणजे डॅशबोर्डमागची, हवा थंड करणारी कुलिंग कॉइल, आणि कॉइल म्हणजे डॅशबोर्ड उतरवणं. सकाळी दहाला सुरुवात झाली. दुपारपर्यंत माझी गाडी स्टिअरिंगचा दांडा आणि वायरींचे झुबके एवढीच उरली होती. कॉइलच्या कोपऱ्यात तेलकट काळा डाग होता, लीक तिथेच. त्याखालच्या खोबणीत हळद-कुंकू लागलेल्या अक्षता आणि झेंडूच्या वाळलेल्या पाकळ्या. ही कुणाच्या तरी वरातीची गाडी होती तर! आत लेंड्याही होत्या, आणि दोन वायरींवर दातांच्या खुणा. उंदरांनी आधी अक्षता संपवायला घेतल्या असाव्यात, मग वायरिंग. कॉइल ९,५००, मजुरी ६,०००. वायरी मिस्त्रींनी फुकट जोडून दिल्या. अक्षता मात्र पुडीत बांधून माझ्या हातात ठेवल्या. टाकायच्या कशा, हे त्यांनाही कळेना.

कागदपत्रांत फार त्रास झाला नाही. मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, विमा चौदा दिवसांच्या आत नावावर करायचा असतो. एकच गोष्ट मला माहीत नव्हती: आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, त्याच्याबरोबरच जातो, त्यामुळे विमा कंपनीनं फरकाची रक्कम माझ्याकडून घेतली.

बायकोनं एका वहीत सगळं टिपून ठेवलंय. पहिल्या चौदा महिन्यांचा आकडा १,५२,७००. गाडीच्या किमतीच्या निम्म्याला जेमतेम अडीच हजार कमी. ही वही ती पाहुण्यांसमोर काढते. मी तेव्हा पाणी आणायला उठतो. पण कोल्हापूरला जाताना मागच्या सीटवर सगळ्यात आधी झोप लागते ती तिलाच.

२०२६ मध्ये गाडीला पंधरा वर्षं पूर्ण होतात. पुन्हा पासिंग, म्हणजे आरटीओत नोंदणीचं नूतनीकरण, करायचं, पाच वर्षांसाठी, त्याची फीच ५,००० रुपये. परवा त्यासाठी गाडी दाखवायला नेली, तर मिस्त्रींनी मागचा बंपर दाबून सोडला. गाडी दोनदा डुलली.

“मागचे शॉकअब्सॉर्बर,” ते म्हणाले.

मी म्हटलं, आधी पासिंग होऊ दे. वहीत अजून लिहिलेलं नाही.