पायाखालचं शिल्प: मॅनहॅटनमधली एक दुपार

न्यूयॉर्कला गेल्यावर लोक मान वर करून फिरतात. आम्ही मान खाली घालून फिरलो. ताई जर्सी सिटीत राहते, तिथून पाथ ट्रेन पकडली की हडसन नदीखालून थेट चौदाव्या रस्त्यावर बाहेर पडता येतं. तिथून पूर्वेला चालत युनियन स्क्वेअर.

"गटाराची झाकणं बघायला एवढ्या लांब यायचं?" ताई म्हणाली.

"गटाराचं नाही गं," भावजी म्हणाले. ते सिव्हिल इंजिनिअर, त्यामुळे अशा बाबतीत राहवत नाही. "कॉन एडिसनचं, म्हणजे इथल्या वीज कंपनीचं असेल तर खाली विजेच्या नाहीतर वाफेच्या लाइनी." मग त्यांनी एक साधं झाकण दाखवलं, त्यावर ठसठशीत 'मेड इन इंडिया'. या शहरातली बरीच झाकणं आपल्याकडून येतात, हावड्याच्या ओतकाम कारखान्यांतून.

मला हवं होतं ते झाकण मात्र वेगळं. २००० साली पब्लिक आर्ट फंड या संस्थेने कॉन एडिसनच्या साथीने लॉरेन्स वायनर या शिल्पकाराची १९ झाकणं खालच्या मॅनहॅटनमध्ये बसवली. प्रत्येकावर एकच ओळ: 'इन डायरेक्ट लाइन विथ अनदर अँड द नेक्स्ट'. म्हणजे दुसऱ्याच्या आणि त्यापुढच्याच्या सरळ रेषेत. काटकोनात आखलेल्या या शहरात हे वाक्य रस्त्यांना लागू पडतं, सिग्नलला खोळंबलेल्या माणसांनाही.

पहिलं झाकण सापडेपर्यंत आम्ही निदान तीन वेळा कुणाच्या ना कुणाच्या वाटेत आडवे आलो. न्यूयॉर्कर बोलत नाही, पण नजर बोलते. झाकणावरची अक्षरं उठावाची, कडा टायरांनी आणि बुटांनी घासून गुळगुळीत झालेल्या. अक्षरांच्या मधल्या खाचांत काळी माती, एक सिगारेटचं थोटूक, च्युइंगमचा चपटा ठिपका. मी उकिडवी बसून बोटाने 'अँड'च्या '&' या खुणेची वळणं चाचपली. लोखंड उन्हाने चांगलंच तापलं होतं. ताई झाकणाला वळसा घालून पलीकडे गेली. लिहिलेल्यावर पाय द्यायचा नाही ही आपली लहानपणापासूनची सवय. कागदाला पाय लागला तरी आपण नमस्कार करतो. तिथे शेकडो लोक त्याच अक्षरांवरून जात होते आणि शिल्पकाराला नेमकं तेच हवं होतं.

वायनर स्वतःला कवी म्हणवून घेत नसे, शिल्पकार म्हणे. कलाकृतीचं माध्यम काय, या प्रश्नाला त्याचं ठरलेलं उत्तर: भाषा आणि ती ज्यांचा उल्लेख करते ते पदार्थ. ऐकायला हे चलाखीचं वाटतं. मलाही वाटायचं, व्हर्मांटमधल्या विंडहॅम कॉलेजची गोष्ट कळेपर्यंत. १९६८ साली एका प्रदर्शनासाठी तिथल्या हिरवळीवर वायनरने खुंट्या रोवून, सुतळी ताणून चौकटींची जाळी केली होती. ती विद्यार्थ्यांच्या येण्याजाण्याच्या वाटेत येत होती, त्यांनी सुतळी कापून टाकली. वायनर चिडला नाही. सुतळी गेली, पण शिल्पाचं वर्णन शाबूत होतं आणि तेवढ्यावर कुणालाही ते पुन्हा उभं करता आलं असतं.

ते प्रदर्शन घडवून आणण्यात सेथ सीगलॉब या प्रदर्शनं भरवणाऱ्या माणसाचा हात होता. तो आणि वायनर दोघेही न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात जन्मलेले, वयात वर्षाचं अंतर. सीगलॉबची आधी गॅलरी होती, ती त्याने बंद केली आणि भिंतींशिवाय प्रदर्शन कसं भरवायचं याच्या मागे लागला. १९६८च्या डिसेंबरमध्ये त्याने वायनरचं 'स्टेटमेंट्स' छापलं. छोटंसं पुस्तक, मुखपृष्ठावर किंमत छापलेली: १ डॉलर ९५ सेंट. आत चित्रं नाहीत, फक्त वाक्यं. एका वाक्यात समुद्रात टाकलेला, पाण्यात रंग पसरवणारा मार्कर, दुसऱ्यात फवाऱ्याच्या डब्याने जमिनीवर दोन मिनिटं मारलेला रंग. 'क्युरेटर' म्हणजे चित्रं टांगणारा, अशी ज्याची समजूत असेल त्याने हा माणूस बघावा.

संध्याकाळी मी हट्टाने सगळ्यांना ४४ ईस्ट ५२व्या रस्त्यापाशी नेलं. १९६९च्या जानेवारीत सीगलॉबने इथे ऑफिसची जागा घेऊन चौघांचं प्रदर्शन भरवलं: रॉबर्ट बॅरी, डग्लस ह्यूबलर, जोसेफ कोसूथ आणि वायनर. एका खोलीत वस्तू आणि दुसरीत कॅटलॉग. टेबलामागे बसलेली मुलगी एड्रियन पायपर, जी पुढे स्वतःच मोठी कलावंत झाली. सीगलॉबच्या हिशेबी खरं प्रदर्शन कॅटलॉगमध्ये होतं, वस्तू नुसत्या जोडीला. याच कॅटलॉगमध्ये वायनरची तीन कलमं आली. कलाकार कलाकृती करू शकतो. ती दुसऱ्याकडून करून घेता येते. ती केलीच पाहिजे असं नाही. तिन्ही सारख्याच मोलाची, आणि कुठली हवी ते घेणाऱ्याने ठरवायचं.

या दोघांत कुठली कल्पना कोणाची, हे सांगत बसणं मला निरर्थक वाटतं. एकाने वस्तू सोडली, दुसऱ्याने भिंत सोडली, आणि एकाशिवाय दुसऱ्याचं सोडणं अर्धवट राहिलं असतं. पुढे वायनर जगभरच्या मोठ्या संग्रहालयांत गेला, भिंतीभर रंगीत अक्षरांत. ती कामं मला कधीकधी जाहिरातीसारखी देखणी वाटतात. झाकणं तशी नाहीत.

५२व्या रस्त्यावर त्या प्रदर्शनाची खूण काही मला दिसली नाही. काचेच्या दारातून ऑफिस सुटलेली माणसं बाहेर पडत होती. भावजींना इतका वेळ कंटाळा आला होता, पण सीगलॉबने १९७१ मध्ये वकील बॉब प्रोजान्स्कीसोबत तयार केलेल्या कराराचं नाव काढताच ते खुलले. कलाकृती पुन्हा विकली गेली की वाढलेल्या किमतीतले १५ टक्के कलाकाराला, असं त्यातलं कलम.

"आणि किंमत पडली तर?"

"तर काही द्यायचं नाही."

"मग ठीक आहे," भावजी म्हणाले. "पण तुझ्या त्या झाकणाची पुनर्विक्री होणार कशी? ते उचलायलाच दोन माणसं लागतील."